रजेवरचं वांदरबाशिंग

जगात ताप, खोकला, गुडघेदुखी, गणपतीची आरास आणि नवा जावई असे जेवढे म्हणून अवघड प्रश्न आहेत, ते सगळे एकाच वनस्पतीने सुटतात अशी खात्री बाळगणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. तुमच्याही नात्यात कुणी कोरफडवाला असेल, कुणी सकाळी उठून दुधीचा रस पिणारा असेल. त्यांना मी कमी लेखत नाही. पण ती माणसं हौशी. आमचे मामा पूर्णवेळ. त्यांच्याशी क्रिकेटवर बोलायला सुरुवात करा, पाचव्या वाक्याला ते झाडावर पोचलेले असतात. ते झाड म्हणजे आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला, ए आणि बी विंगच्या मधला रायवळ आंबा, आणि त्या आंब्याच्या बेचक्यात वाढलेलं वांदरबाशिंग.

वांदरबाशिंग हा नेच्यांमधला पैलवान. नेचे, म्हणजे फर्न, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंडीतली नाजूक हिरवी झालर येते; हा गडी कोकणात जुन्या आंब्या-फणसांवर नाहीतर उघड्या कातळावर बैठक मारतो, त्याला ना माती लागते ना कुंडी, आणि पावसाळ्यात त्याची पानं माझ्या हाताएवढी लांब होतात. पानांच्या कडा अशा खोल कापलेल्या की माकडाच्या लग्नात नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग म्हणून सहज खपतील, म्हणून गावाकडे हे नाव. ही सगळी माहिती मामांनी मला पहिल्या भेटीत दिली. मी त्यांच्या भाचीला मागणी घालायला गेलो होतो. भाचीबद्दल काही कळायच्या आत मला वांदरबाशिंगाबद्दल सगळं कळलं होतं. "खाली जी खाकी, कागदासारखी पानं असतात ना, ते स्टोअर डिपार्टमेंट," ते म्हणाले. "पालापाचोळा, धूळ, ओल, सगळा माल तिथे जमा. वरची लांब हिरवी पानं म्हणजे प्रॉडक्शन. आणि मधे हे केसाळ खोड, खारीच्या शेपटीसारखं, हे मॅनेजमेंट. दिसायला काही नाही, पण ते आहे तर कंपनी आहे." मी मान डोलावली. "आणि उन्हाळ्यात?" त्यांनी तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, सुकत असेल. "तिथेच सगळे फसतात. ते सुकत नाही, रजेवर जातं. प्रॉडक्शन बंद, पानं गळतात, स्टोअर तसंच खाकी राहतं. बघणाऱ्याला वाटतं मेलं. पण पाणी मिळालं की ड्युटीवर हजर."

मामांनी सगळी हयात भांडुपच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. निवृत्तीच्या दिवशी कारखाना मागे राहिला, तपासणी मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. शर्टाच्या खिशात पेन नसेल, पण स्टीलची टेप असायचीच. जगातल्या सगळ्या वस्तू आणि माणसं त्यांच्या लेखी दोनच प्रकारची, पास आणि रिजेक्ट. लग्नानंतर माझ्या बायकोने पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा त्यांनी ती खाण्याआधी कडेला आणि मधे बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "बाय माझे, चव पास. जाडी कडेला जास्त, मधे कमी. रिवर्क." मी स्वतः पास झालो, पण शेऱ्यासह. "बसल्यावर पाय हलवतो" हा तो शेरा, आणि आजही कुणी नातेवाईक भेटला की मला हलत्या पायाबद्दल विचारतो. मामांचं घर आमच्याच सोसायटीत, बी विंगच्या तळमजल्यावर. दर रविवारी सकाळी ते आंब्याखाली स्टूल घेऊन जात, वर चढून एकेका पानाचं माप घेत आणि ते डायरीत लिहीत. ती डायरी मी एकदा चोरून वाचली आहे. "पान क्र. ११. दोन इंच वाढ. तब्येत उत्तम. स्वभाव शांत," असं त्यात होतं. माझ्याबद्दल एवढं चांगलं त्यांनी कुठे लिहिल्याचं ऐकिवात नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, मला मान फार मिळाला. भाचीचा नवरा म्हणजे आपला जावई, आणि जावयाला अहो-जाहोच करायचं, हा त्यांच्या गावचा नियम. सोसायटीत ते सगळ्यांना, अगदी चेअरमनलाही "अरे" म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा चांगला तीसेक वर्षांनी लहान, पण मला अठरा वर्षं "अहो जावईबापू". रागावले तरी त्यात फरक नाही. "जावईबापू, तुम्ही महामूर्ख आहात" हे वाक्य इतक्या आदराने ऐकायची संधी फार थोड्या माणसांना मिळाली असेल.

आमच्या लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं काम तिच्या मामाचं. आमचे मामा आले ते एका हातात नवरी आणि दुसऱ्या हातात गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं वांदरबाशिंगाचं भलंमोठं पान घेऊन. मार्गशीर्षाचे दिवस, पान अजून हिरवंगार होतं. माझ्या मुंडावळ्या त्यांनी बाजूला सारल्या आणि ते पान माझ्या कपाळावर बांधायला घेतलं. गुरुजी म्हणाले, "अहो, हे शास्त्रात नाही." मामा म्हणाले, "शास्त्रात रिजेक्ट आहे असं दाखवा, काढतो." गुरुजींना तेवढ्यात ते दाखवता आलं नाही. पानाच्या मागून दोन मुंग्या निघाल्या आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या भुवईवर फिरत राहिल्या, आणि हातात हार असल्याने मला त्यांचं काही करता आलं नाही. फोटोत मी फार भावनाविवश झालेला दिसतो. माझी आई अजून तो फोटो दाखवून सांगते, बघा किती हळवा आहे.

त्या वनस्पतीचे उपयोग मामांना जेवढे माहीत होते तेवढे त्या वनस्पतीलाही माहीत नसावेत. त्यांच्या लहानपणी गावात त्या केसाळ खोडाचा काढा तापावर द्यायचे आणि उगाळून लेप सुजलेल्या सांध्यावर लावायचे, हे खरं. पण मामा तिथे थांबणारे नव्हेत. एकदा मला साधी सर्दी झाली तर ते पातेलं घेऊनच वर आले. तो काढा मी घेतला. चार दिवसांनी सर्दी गेली. "बघा," मामा म्हणाले. मी म्हटलं, मामा, सर्दी चार दिवसांनी जातेच. "पण अशी जाते का?" ते म्हणाले. खाकी पानांचा उपयोग ते ऑर्किडच्या कुंड्यांत करत, पुस्तकात खूण म्हणून करत, गणपतीला त्याच पानांचे डोंगर करत, आणि ते डोंगर, खोटं कशाला बोलू, फारच झकास दिसायचे. एका वर्षी आंब्याच्या आढीला गवताऐवजी त्यांनी हीच सुकी पानं घातली. आंबे उत्तम पिकले. फक्त मुंग्यांनाही ते उत्तम वाटले. आढी उघडली तेव्हा मामी शांतपणे म्हणाली, "यांच्या झाडाला माणसांपेक्षा मुंग्यांचीच माया जास्त."

मामीबद्दल मी आत्तापर्यंत फारसं काही बोललो नाही, कारण तिच्याबद्दल बोलायला लागलं की माझा सूर बदलतो. ती मामांच्या नेमकी उलट होती. कमी बोलायची, कशाचंही माप घ्यायची नाही, आणि डावखुरी असल्याने तिने बांधलेली पिशवी उघडताना आमची सगळ्यांची फजिती व्हायची. बाशिंगाची ती दिवसरात्र टिंगल करायची. पण ते मुलुंडला आलं त्या दिवशी काय झालं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गावच्या घरामागचा जुना आंबा वादळात पडला. मामा गेले, आणि परत आले ते गोणपाटात त्या आंब्यावरच्या बाशिंगाचं खोड घेऊन, एसटीत मांडीवर ठेवून. इथल्या आंब्याच्या बेचक्यात ते बसवायचं तर होतं, पण सुतळीने खोड कापलं जाईल आणि सुती चिंधी कुजेल, म्हणून मामा हातात टेप घेऊन नुसतेच उभे. मामी घरात गेली आणि आपली एक जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची नायलॉनची साडी घेऊन आली. मामा म्हणाले, "अगं, ही चांगली आहे." ती म्हणाली, "चांगली आहे म्हणूनच. ही काही कुजायची नाही." तिने तिथेच साडीची पट्टी फाडली, स्टुलावर चढली आणि आपल्या डाव्या हाताने गाठ मारली. मग खाली उतरून म्हणाली, "आता करा पास."

चार वर्षांपूर्वी मामी गेली. बाशिंगाचा मात्र त्या आंब्यावर चांगला संसार झाला होता.

आता मे महिन्याकडे येतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद मला मामांच्या आग्रहामुळे मिळालं, कारण "आपला माणूस कमिटीत असला की झाडाला धोका नाही." दरवर्षी मे महिन्यात, परवानगी आली की, आम्ही झाडांच्या धोकादायक फांद्या छाटून घेतो. ठेकेदाराला द्यायचं पत्र माझ्या कॉम्प्युटरवर तयार आहे. मी फक्त तारीख बदलतो. त्या पत्रात "झाडावरील सर्व सुकलेला कचरा काढणे" असं एक वाक्य आहे. ते वाक्य माझ्याआधीच्या सेक्रेटरीचं, आणि त्याने कधी काही बिघडलं नाही, कारण त्या दिवशी मामा सकाळी सातपासून आंब्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. गळ्यात शिट्टी. छाटणारा बाशिंगाच्या चार फुटांत आला की शिट्टी वाजायची. मे महिन्यात बाशिंग अगदी भिकारी दिसतं, हिरवं पान एक नाही, नुसती खाकी फोलपटं, आणि ते पाहून कुणीही म्हणालं की हे काढू का, तर मामा ठरलेलं वाक्य म्हणायचे: "हात लावू नका. ते सुकलेलं नाही, रजेवर गेलंय."

गेल्या वर्षी मामा म्हणाले, मी आंब्यांसाठी गावी जातो, येईन महिन्या-दीड महिन्याने. सोसायटीत सगळ्यांना निरोप देऊन, काठी टेकत ते गेले. काठीबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं की ती कुत्र्यांसाठी आहे. गुडघे ठणठणीत आहेत, कारण बाशिंगाचा लेप चालू आहे. त्यांच्या शब्दावर ए विंगमधल्या दोन आजी तोच लेप लावत होत्या आणि बऱ्यापैकी खूश होत्या.

मी तारीख बदलली. पत्र गेलं. शनिवारी छाटणी झाली. दुपारी गॅलरीतून पाहिलं तर आंबा नुकत्याच केस कापून आलेल्या मुलासारखा दिसत होता. मी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: "आंबा चकाचक. सर्वांच्या सहकार्याबद्दल धन्यवाद." भराभर अंगठे आले. मी ते मोजत असताना बायको फोन हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अरे, मामांचं बाशिंग कुठंय?"

मी फोटो मोठा करून पाहिला. बेचकं स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की पुसून घेतल्यासारखं. अठरा वर्षं जे वाक्य ऐकलं ते मी, मामांच्या जावयाने, स्वतःच्या सहीने रिजेक्ट केलं होतं.

"वाट लागली," मी म्हटलं.

"टेंपो गेला का?"

टेंपो दहा मिनिटांपूर्वी गेला होता. वॉचमन म्हणाला, चेकनाक्याच्या दिशेने. मी बर्म्युडावर, बायको हाताला कणीक लागलेली, अशा अवस्थेत आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आमचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "टेंपो में क्या है साब, सोना?" बायको म्हणाली, "भैया, मामा का झाड है, जल्दी चलो." का कोण जाणे, पण त्याला हे पूर्ण पटलं. पुढची सात मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तो माणूस गल्ल्यांतून असा निघाला की त्याचाच मामा धोक्यात आहे. प्रत्येक टेंपोशेजारी रिक्षा नेऊन तो विचारी, "ये है?" एकात गाद्या निघाल्या, एकात मंडपाचे बांबू. शेवटी आमचा टेंपो सापडला तो नाक्याजवळच्या वडापावच्या गाडीसमोर, कारण छाटणारे तिघं जेवायला थांबले होते. मुंबईत वडापावने आजवर पुष्कळ संसार वाचवले असतील, त्यात एक आमचा.

आम्ही दोघं टेंपोत चढलो. फांद्या उपसल्या. लोक जमले, कुणीतरी व्हिडिओ काढायला लागलं, वडापाववाल्याने विचारलं की पाकीट पडलं का. आधी खाकी पानांचा चुरा मिळाला, मग एक केसाळ तुकडा, मग आणखी दोन. मॅनेजमेंट सापडलं होतं. मी आनंदाने ओरडणार एवढ्यात पाहिलं, बायको फांद्यांच्या ढिगावर बसली होती आणि तिच्या हातात एक विटलेली जांभळी पट्टी होती. गाठ अजून तशीच होती, डावीकडे वळलेली. पट्टी दुसरीकडून कापली गेली होती.

"माझ्या केळवणाला मामी ही साडी नेसली होती," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही छाटणाऱ्या मुकादमाला परत बोलावलं. तो पोक्त, पिकल्या मिशांचा माणूस होता. शिडी लावताना म्हणाला, "साब, सुबह निकालो बोलते हो, शाम को बांधो बोलते हो." मी म्हटलं, शिडी धर, बांधतो मीच. दोन तुकडे मी काथ्याने अलगद बांधले आणि तिसरा मामीच्या पट्टीने. तिची गाठ सोडवावी लागली, त्याशिवाय पट्टी पुरत नव्हती. ती सोडवताना मला जितकं वाईट वाटलं तितकं कुठलीही वस्तू मोडताना वाटलेलं नाही. मग मी माझी गाठ मारली, उजव्या हाताने, घट्ट.

"आता मामांना फोन कर," बायको खालून म्हणाली.

"गावात रेंज नसते."

"मामा गावी नाहीत," ती म्हणाली. "पार्ल्याला आहेत, ताईकडे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तुला सांगू नको म्हणाले होते."

ताई म्हणजे मामांची मुलगी. दुसऱ्या दिवशी कबुली द्यायच्या तयारीने मी पार्ल्याला गेलो. मामा खुर्चीत बसले होते, समोर वॉकर, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. मला पाहून त्यांनी मांडीवर टॉवेल ओढला, पण तेवढ्याने काय झाकणार.

"जावईबापू, हे सोसायटीत बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"ए विंगमधल्या दोघी लेप लावतात. त्यांचा विश्वास उडेल." मग म्हणाले, "लेप बरोबर होता हो. माझे गुडघेच डिफेक्टिव्ह पीस निघाले."

मी हसलो. तेही हसले. आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाशिंग कसं आहे?"

"रजेवर आहे," मी म्हटलं.

"असणारच. हे दिवसच तसे." ते खिडकीकडे बघायला लागले. "तेवढी तिच्या पट्टीवर नजर ठेवा. तिचं बाकी सगळं मी कपाटात बंद करून ठेवलंय. उघडवत नाही मला. ती पट्टी तेवढी बाहेर आहे, उन्हापावसात. रविवारी माप घ्यायला जातो ना मी, ते खरं तर तिथे जातो."

मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलंच नाही. ताईने चहा आणला, मी तो प्यालो आणि चोरासारखा परत आलो.

त्यानंतरचे दोन महिने मी माणसात नव्हतो. मी टेप विकत घेतली. डायरी घेतली. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली घेऊन मी सकाळ-संध्याकाळ शिडीवर उभा. बायको म्हणाली, "तू काल त्याच्याशी बोलत होतास." मी म्हटलं, नाही. "अरे, 'प्लीज यार' म्हणालास, मी ऐकलं." जून गेला. आजूबाजूला भिंतींवरसुद्धा हिरवळ आली, पंप रूमच्या पाइपवर एक फालतू नेचा बघता बघता फोफावला, आणि आमचे तीन तुकडे तसेच, केसाळ, गप्प. एक कुजला. तो मी काढून पुरला, आणि पुरताना कुणी बघत नाही ना हे पाहिलं. चेअरमननी मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. पार्ल्याहून फोन यायचा, "ड्युटीवर आलं का?" आणि मी सांगायचो, "येतंय, येतंय." इतकं धडधडीत खोटं मी इन्कम टॅक्सलाही बोललेलो नाही.

आणि मग जुलैच्या मध्याला एका सकाळी, दात घासता घासता, ब्रश तोंडात तसाच ठेवून मी शिडीवर चढलो, तर पट्टीच्या खालून एक इवलीशी, तपकिरी लव असलेली, मुठीसारखी आत वळलेली हिरवट गोष्ट बाहेर आली होती. मी टेप लावली. अर्धा इंच. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण ए विंगच्या तीन खिडक्या उघडल्या. बायको गाऊनवर धावत आली, शिडी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, खरंच. ए विंगमधल्या एक आजी वरून म्हणाल्या, "पेढे कशाचे?" आणि आम्ही खरोखर पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

श्रावणात मामा आले. काठी नव्हती. नव्या गुडघ्यांवर जपून पावलं टाकत, घरात न जाता, ते सरळ आंब्याखाली गेले. मी मागे. बाशिंगाला तेव्हा दोन पानं होती. मामांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"स्टोअर कुठे गेलं?"

मी उगाचच शिडी सरळ केली.

"आणि ही गाठ तिची नाही," ते म्हणाले. "तिची डावीकडे वळायची."

मग मी सगळं सांगितलं. पत्र, तारीख, फोटो, रिक्षा, वडापाव, शिडी, एका दमात. पार्ल्याला येऊन खोटं बोललो तेही सांगितलं. मला वाटलं, आता "तुम्ही महामूर्ख आहात" येणार, आणि ते यावं अशी माझी फार इच्छा होती. ते काही आलं नाही. त्यांनी खिशातून टेप काढून माझ्या हातात दिली.

"माप घ्या."

मी चढलो. "मोठं साडेचार इंच. धाकटं दोन."

त्यांनी डायरी काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं. "पास," ते म्हणाले.

"आणि गाठ?"

"गाठ रिजेक्ट." डायरी मिटून त्यांनी पुन्हा वर पाहिलं. "पण असू दे. तू बांधलीयस ना, असू दे." आणि घराकडे वळताना म्हणाले, "पुढच्या मे महिन्यात खुर्चीत तू बस."

मी शिडीवरच उभा राहिलो. अठरा वर्षांच्या अहो-जाहोनंतर तो "तू" ऐकून मला काय वाटलं हे मला नीट सांगता येणार नाही. मुंडावळ्या बांधून त्या घरात गेलो होतो खरा, पण घरात घेतल्यासारखं मला त्या दिवशी वाटलं.

दिवाळीनंतर ताई त्यांना पार्ल्याला घेऊन गेली. एकट्याने राहायचं वय नाही, हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. बी विंगच्या तळमजल्याला कुलूप आहे, पाटी तशीच आहे. दर रविवारी माप घेऊन मी फोन करतो, आकडे सांगतो, ते लिहून घेतात. परत कधी येणार असं विचारलं की म्हणतात, "रजेवर आहे मी, रिटायर नाही झालो." अलीकडे फोनवर मधेच ते गप्प होतात, मग मी पानांचे आकडे पुन्हा एकदा सांगतो.

परवा या वर्षीची छाटणी झाली. पत्रातलं ते वाक्य मी काढून टाकलं आहे, तरीही सकाळी सातला खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून आंब्याखाली बसलो. ठेकेदाराची माणसं नवीन होती. एक जण बेचक्यापर्यंत चढला, वर्षभरात नव्याने आलेल्या खाकी फोलपटांकडे आणि जांभळ्या चिंधीकडे बघून म्हणाला, "साब, ये सूखा हुआ है, निकाल दूँ?"

मी शिट्टी वाजवली. "हात लावू नका," मी म्हटलं. "ते सुकलेलं नाही, रजेवर गेलंय."

हे मी गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणालो, बी विंगच्या तळमजल्याकडे बघून. खिडकी बंद होती.